फोनची निष्ठा

अगं,

निष्ठा या जगातून नाहीशी झालेली नाही. चिरंजीवांनी तुला तिकडून पाठवलेल्या फोनमध्ये ती ठासून भरली आहे. म्हणूनच आपल्या सिमकार्डला तो ओळख दाखवत नाही. तीन दिवस तू रुमालाने पुसलंस, मी फुंकर मारली, सगळं फुकट. दुकानदार म्हणाला, "काका, फोन ठणठणीत आहे. तिकडच्या कंपनीने तो स्वतःशी बांधून ठेवलाय. ज्याच्या नावावर घेतला, त्यानेच सांगितलं तर सोडतील."

मग दुकानातूनच त्याला फोन लावला. हो, मीच लावला. अकरा महिन्यांनी. भांडणाचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. फोनचा पंधरा आकडी नंबर मी वाचत गेलो, तो एकेक आकडा परत म्हणत गेला. शेवटी म्हणाला, "बाबा, पुन्हा एकदा सांगता?" पुन्हा सांगितला. फार दमलो गं.

काय झालं ते कळवायला सहा वाजता तो तुझ्या जुन्या फोनवर बोलेल. मी आत पडलोय. तुझं झालं, की ठेवू नकोस, मला उठव.

आणि येताना माझी कवळी आण. सकाळी घाईत ती बेसिनवरच राहिली, म्हणून आकडे दोनदा वाचावे लागले.