सहावी सुई

प्रिय आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

सुया टोचून नेमकं काय करतात, असं विचारलंस. घाबरू नकोस. सुई केसासारखी बारीक असते, रक्त येत नाही. माझ्या उजव्या हाताला सहा सुया लावतात, मग वीस मिनिटं पडून राहायचं. सुई बसली की आत जडशी कळ येते, ती आली की सांगायचं.

काल आठवी खेप होती. मी डोळे मिटून सहाव्यांदा म्हणाले, "आली."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, सुई अजून माझ्या हातात आहे." मग हळूच विचारलं, "आधीच्या पाच तरी खऱ्या होत्या का?"

मी डोळे उघडलेच नाहीत. तुला सांगते, एकही नव्हती. आठही खेपांना नव्हती. आली म्हणत राहिले तर येईल, असं वाटलं होतं.

कामावर मला सोल्डरिंगवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलंय. तात्पुरतं, असं म्हणतात.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही बोलू नकोस. अक्षराचं विचारलं तर घाईत लिहिलंय म्हण. डाव्या हाताने एवढंच जमतं.

परवा पुन्हा जायचंय. या वेळी खरं तेच सांगेन. तू इथे असतीस तर डावा हात तुझ्या हातात दिला असता. त्याला अजून सगळं कळतं.

तुझीच,
धाकटी