पर्‍यातला स्पंज

८ डिसेंबर २००२, रविवार

सहा महिने वहीला हात लावला नाही. माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होतो, पण ते खोटं. कंटाळा होता.

आज मात्र लिहायलाच हवं — संगमेश्वरजवळच्या पर्‍यात, म्हणजे ओढ्यात, स्पंज सापडला! गोड्या पाण्यातला! दगडाच्या कुशीला चिकटलेला, हिरवागार, तळहाताएवढा. वीस वर्षं कॉलेजात फळ्यावर काढून शिकवतोय, हाताला आज प्रथम लागला. खात्रीसाठी वास घेतला. शेजारी धुणं धूत असलेल्या गंगुबाई म्हणाल्या, "मास्तरानू, दगड कसले हुंगताव?"

म्हटलं, हा प्राणी आहे.

"शेवाळ हाय ता. रोज घासून काढतंय मी. परानी असता तर कदी चावला नसता?"

घरी तेजस्वीने बादली अंगणातच अडवली. "तो आत, तर मी माहेरी." अंगणातच ठेवली.

९ डिसेंबर

तुकडा अ‍ॅसिडमध्ये उकळला. स्पंज असेल तर बाकी सगळं विरघळतं, काचेच्या बारीक सुया तेवढ्या हजारोंनी उरतात. गाळ नियमाप्रमाणे तीनदा धुतला. डिस्टिल्ड वॉटर संपलेलं, म्हणून नळाच्या पाण्याने. सूक्ष्मदर्शकात बघतो तर — सुया! चार!

पुण्याच्या स्पंजतज्ज्ञ बाईंना लगेच पत्र टाकलं. चारच का, हा विचार पत्र पेटीत पडल्यावर आला.

१० डिसेंबर

प्राचार्यांनी सूचनाफलकावर लिहवलं — 'आपल्या महाविद्यालयाचा शोध!' मी म्हटलं, 'बहुधा' घाला. "अहो, अभिनंदनात बहुधा नसतं."

१६ डिसेंबर

बाईंचं उत्तर. शनिवारी स्वतः येतायत! खाली एक ओळ — 'नुसत्या पाण्याची स्लाइड पाहिलीत ना?'

नाही पाहिली. वीस वर्षं मुलांचे याच चुकीसाठी मार्क कापतोय.

१७ डिसेंबर

प्रयोगशाळेतला दादू म्हणाला, "सर, डिस्टिल्ड वॉटर उद्या नक्की." जेवण गेलं नाही.

१८ डिसेंबर

पाणी आलं. पर्‍यातला तुकडा पुन्हा उकळला, या पाण्याने धुतला. दहा स्लाइड पाहिल्या. एकही सुई नाही.

शेवाळ! गंगुबाई बरोबर. पदवी माझ्याकडे.

प्राचार्यांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा परत आलो. बाईंना तार करावी का? काय लिहू — 'येऊ नका, मी गाढव आहे'?

१९ डिसेंबर

मग त्या चार सुया आल्या कुठून? आज नुसतं नळाचं पाणी पाहिलं. सात सुया.

नळाला पाणी कॉलेजच्या गच्चीवरच्या टाकीतून येतं. प्राचार्यांच्या चहालाही.

उद्या : शिडी मागणे. कारण न सांगता.