बारा शब्दांचा अनुवाद

४ ऑक्टोबर
सातवा शब्द वाचत होतो, तेवढ्यात सून आत आली. कागद पटकन उशीखाली सरकवला. ती म्हणाली, बाबा, तो कागद मीच दिलाय तुम्हाला. म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

मुलाने फोनवर डिजिटल नाणी जमवली होती. मुलगा गेला, फोन राहिला. त्यातल्या पाकिटातून नाणी सुनेच्या नव्या पाकिटात हलवायची आहेत. नवं पाकीट म्हणजे बोटाएवढं यंत्र. जुन्या पाकिटाची किल्ली म्हणजे मुलाने कागदावर लिहून ठेवलेले बारा इंग्रजी शब्द. ज्याच्याकडे शब्द, त्याची नाणी. या महिन्यात सुनेच्या लॅबच्या कोर्सची फी भरली तर ती आणि नात चिमणी इथेच, माझ्याजवळ राहतील. नाही तर सुनेच्या भावाच्या गावी, त्याच्या दुकानात.

काम मी अंगावर घेतलं. यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणण्यात जन्म गेला. हे एक यंत्र काय जड आहे!

६ ऑक्टोबर
मोबाइल दुरुस्तीवाल्याला फोन दाखवला. म्हणाला, काका, बॅटरीचं पोट बघा. दिवस भरलेत तिचे. आजच्या आज उरका. तोंडाळ माणूस.

सुनेच्या भावाचाही फोन. नव्या यंत्राचे नवे शब्द घ्या, जुन्या फोनवरून आधी चिमूटभर पाठवून बघा, पोचलं की बाकीचं. दहा मिनिटांचं काम आहे, काका. दुकानदाराला सगळंच चिमटीत दिसतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आधी सुरक्षा, मग हलवाहलव.

९ ऑक्टोबर
उपाय सापडला. इंग्रजी शब्द कोणीही चोरेल. ते मराठीत आणायचे आणि मूळ कागद नष्ट करायचा. अनुवाद चोराच्या हाती लागलाच तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याची कविता.

मुलगा चिडवायचा, बाबा, तुमचं मराठी परत इंग्रजीत नेलं की वॉशिंग मशीनचा मिक्सर होतो. मी म्हणायचो, भाव पोचला ना? मग झालं.

उद्यापासून रोज दोन शब्द.

११ ऑक्टोबर
एकच झाला. 'चूक' की 'दोष' यात सकाळ गेली. 'चूक' ठेवलं. दोष कोणाचाच नव्हता.

१३ ऑक्टोबर
विलक्षण शब्द आहेत. मूल. रस्ता. रिकामा. थकलेला. मुलाने माझ्यासाठीच निवडले असावेत. सुनेला हे म्हटलं. ती म्हणाली, बाबा, ते शब्द यंत्र देतं. कुठलेही. कोणालाही.

असेल. पण लिहून घेताना त्याला माझी आठवण झालीच असणार.

१६ ऑक्टोबर
अनुवाद पूर्ण. क्रम बदलला नाही. मूळ लेखकाचा मान.

कागद गॅसवर धरला. टीची आडवी रेघ शेजारच्या अक्षरावरून पुढे काढायची त्याची सवय. शाळेत मार्क जायचे. कागद दोनदा ज्योतीवरून मागे आला. खिडकी उघडी होती, वारा आला असेल.

आता मूळ शब्द विसरायचे. डोक्यात ठेवणंही धोक्याचंच.

१९ ऑक्टोबर
विसरणं वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं.

२१ ऑक्टोबर
फोन सुरू होत नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, सुटली हो काका. जाताना आतलंही सगळं घेऊन गेली.

हरकत नाही. किल्ली शाबूत असली की तेच पाकीट नव्या यंत्रात उघडतं. सुनेला म्हटलं, शब्द आहेत आपल्याकडे. जेवताना ती हसली. कितीतरी दिवसांनी. म्हणाली, मग मी कोर्सचा फॉर्म आणते.

२२ ऑक्टोबर
यंत्र आणि माझा अनुवाद घेऊन बसलो. मूळ कागद लागणार नाही, सुनेला म्हटलं. यंत्राला इंग्रजीच शब्द लागतात. तेही त्याच्या यादीतले, तेच आणि तसेच.

मी 'रस्ता' म्हणालो. सून म्हणाली, म्हणजे रोड? म्हटलं, अर्थात. ती यादी बघत म्हणाली, स्ट्रीट पण आहे बाबा. पाथ आहे. वे आहे. रूट आहे. 'मूल'ला चाइल्ड, किड, बेबी. मी म्हणालो, भाव ध्यानात घे. यंत्र म्हणालं, शब्द चुकीचे आहेत.

दुपारभर तेच.

मग तिने भावाला फोन लावला, स्पीकरवर. त्याने पक्के शब्द किती ते विचारलं. मग म्हणाला, ताई, जन्म जाईल यात. काकांना काही बोलू नकोस.

तिने फोन ठेवला. फक्त विचारलं, बाबा, त्याने लिहिलेला तो कागद कुठाय?

सांगितलं.

ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. गॅसकडे बघत म्हणाली, त्याच्या हातचं तेवढंच होतं हो माझ्याकडे. बाकी सगळं तो टाइपच करायचा.

मग नळ सुरू केला, बंद केला. म्हणाली, तुमची गोळी घेतलीत का?

घेतली होती. तरी नाही म्हणालो. तिने पाणी आणून दिलं. दुसरी घेतली.

२५ ऑक्टोबर
शब्दकोश काढला. पद्धतशीर काम हवं. रोज सकाळी दोन तास. महिन्याभरात निकाल.

२९ ऑक्टोबर
फीची मुदत काल संपली. बॅगा दारात आहेत. सुनेला म्हटलं, फार सामान नेऊ नकोस, परत आणायला त्रास होईल. ती म्हणाली, बरं बाबा. आणि चिमणीचे थंडीचे कपडेही भरले.

यंत्र माझ्याजवळ ठेवून जाते म्हणाली.

३० ऑक्टोबर, सकाळ
टॅक्सी आली. दोघी गेल्या. 'रिकामा'साठी आणखी एक शब्द आठवला, व्हेकंट. घालून पाहिला. चालला नाही.