झाकण उघडायचं नाही

३ फेब्रु., मंगळ.
संध्याकाळी सहाला अंडी ठेवली. अकरा. उबवायचं मशीन बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून लांब. ३७.७ वर स्थिर व्हायला चार तास घेतले.

आयचं जासई गावातलं घर नव्या रस्त्यात गेलं. आय इथे आली तेव्हा तिच्या सात कोंबड्या विकायला मी लावल्या. सोसायटीत चालत नाहीत, असं मीच म्हणाले. नियम वाचला नव्हता. ही अकरा ती तांदळाच्या डब्यात घालून घेऊन आली, आठवडाभर पत्ता लागू दिला नाही. ऑम्लेटसाठी काढायला गेले तर मनगट धरलं.

तिची अट: पिल्लं निघाली तर राहीन. नाहीतर परत जासई. घर नसलं तरी बेबीमावशीचा ओटा आहे. सत्तरीची बाई ओट्यावर झोपणार. नाही झोपू देणार.

४ फेब्रु.
आय मशीनकडे पाठ करून बसते. खुडूक कोंबडीशिवाय अंडी उबतात हे तिला मान्य नाही. कोंबडी एकवीस दिवस धड खात नाही, पीत नाही, बसून असते. हा डबा काय सोडतो, असं तिचं म्हणणं.

दर दोन तासांनी आतला ट्रे कलतो. करकर होते. तेवढ्यापुरती मान वळवते.

वि. नवरा, पण सोसायटीच्या कमिटीवरही. त्यामुळे त्याला स्वतःच्या घराची जास्त भीती. म्हणाला, सासूबाई राहू देत, मशीन नको. म्हटलं, दोन्ही एकत्र आलंय, सुटं मिळत नाही.

१० फेब्रु. दि. ७
दिवे घालवून मोबाइलच्या बॅटरीवर अंडी धरून पाहिली. सातांत शिरा. मधे काळा ठिपका, हलतो. चारांतून प्रकाश आरपार. काही नाही.

आयला हाक मारली. आली नाही. मग आली. चार रिकामी हातात घेऊन पाहिली.

"ही पांढरीची. तिचा कवाच भरवसा नवता."

एका आठवड्यात बोललेलं सगळ्यात लांब वाक्य. चारही काढून टाकली. सात राहिली.

१३ फेब्रु.
५०३ मधल्या बाईंनी आयला विचारलं, तुमच्याकडे दिवसभर कसला दिवा जळतो. आयनं सांगितलं. लपवायची तिला सवय नाही (तांदळाचा डबा वगळता).

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर: पाचव्या मजल्यावर पोल्ट्री. वास येतो. साथ पसरेल. एकानं तोंडाला मास्क लावलेला कोंबडा पाठवला.

मी लिहिलं: वास अंडं फुटल्यावर येतो, आमची अजून अखंड आहेत.

वि. म्हणाला डिलीट कर. केलं नाही.

१८ फेब्रु.
सहा वाजता बेल. दारात वि. आणि वॉचमन. खिशात किल्ली असून बेल वाजवली, कारण कमिटीतर्फे आला होता. नोटीस दिली आणि मग चपला काढून आत आला.

यंत्र रविवारपर्यंत हलवावे. रविवारी पाहणी होईल. तीन सह्या, तिसरी त्याची. विचारलं. तीन लागतातच, म्हणाला. जेवण वाढलं. 

रविवार म्हणजे एकोणिसावा दिवस. अठराव्यापासून झाकण उघडायचं नाही, मशीन जागचं हलवायचं नाही. पिल्लू अंड्यात चोच वर करून बसलेलं असतं. झाकण उघडलं की आतली ओल जाते, कवचाखालचा पडदा वाळतो आणि त्याला चिकटतो. पुस्तिकेत हे ठळक अक्षरांत आहे. नोटिशीखाली हेच लिहून परत पाठवलं. ठळक.

२१ फेब्रु. दि. १८
ट्रे फिरवणं बंद. पाणी भरलं. आर्द्रता ६८. झाकण लावलं.

आयनं स्टूल ओढून मशीनसमोर ठेवलं. आज पाठ नाही.

२२ फेब्रु., रवि.
अकरा वाजता पाहणी. सेक्रेटरी चौगुले, हातात क्लिपबोर्ड. मागे वि., दाराशीच उभा.

"मॅडम, उघडून दाखवा."

"मंगळवारी या."

"आत काय आहे ते बघितल्याशिवाय रिपोर्ट कसा लिहू?"

"झाकण पारदर्शक आहे. वाका."

वाकले. मग म्हणाले, कुत्रा पेट आहे, मांजर पेट आहे, कोंबडी पेट नाही, रूल आहे. आज तुम्ही कोंबड्या कराल, उद्या कोणी म्हैस आणेल.

"लिफ्टमध्ये मावत नाही."

त्यांना हसू आलं, ते गिळलं. आणि हात झाकणावर ठेवला. मी काही म्हणायच्या आत आय उठली. आवाज चढवला नाही.

"दादा, बालंतिनीच्या खोलीत असा हात घालशील काय?"

चौगुलेंनी हात काढला. शर्टला पुसला. पाणी मागितलं, प्यायले. रिपोर्टात लिहिलं: यंत्र चालू, आत अंडी. एवढंच.

वि. त्यांच्याबरोबर खाली गेला. तासानं आला. वाय-फायला लावलेला छोटा यूपीएस काढून मशीनला जोडला, लाइट गेली तर म्हणून.  

२४ फेब्रु., मंगळ. दि. २१
कॉलेजला रजा टाकली.

७.१०. आवाज. अंड्यातून. आयनं झाकणाला कान लावला. दोन आहेत, म्हणाली.

९.००. पहिल्या कवचाला भोक. ११.३०. बाहेर. ओलं, कुरूप, स्वतःच्या पायांवर पडतं. दुपारपर्यंत तीन. साडेचारपर्यंत पाच.

सहाव्याचं भोक सकाळपासून तेवढंच. चोच हलते, थांबते. पुन्हा हलते. सातव्याला नुकताच तडा. आय म्हणाली, हात लावू नको, ज्याचं त्याला फोडू दे. मी तीन वेळा उठले, तीन वेळा बसले. संध्याकाळी सहा वाजता झाकण उघडलं. सहावं हातात घेऊन कवच सोललं. नखाएवढं. रक्त आलं. परत ठेवलं.

पुढचं उद्या लिहीन.

२५ फेब्रु.
सहावं मेलं. सातवंही. त्याच्या तड्याच्या कडेचा पडदा वाळून कागदासारखा झाला होता, आत ते हलू शकलं नाही.

चौगुलेंना नाही म्हटलं. स्वतःला म्हणता आलं नाही. ठळक अक्षरांतलं ते वाक्य मीच त्यांना लिहून पाठवलं होतं.

आय रागावली नाही. रागावली असती तर बरं. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरली, हात धुतले, आणि पाचांना कणी घातली.

पाच. पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर दिवा. कोणत्या कोंबडीचं कोणतं ते तिला आत्ताच कळतं म्हणे. मला सगळी पिवळी.

२६ फेब्रु.
आय बोलते आहे. माझ्याशी नाही, खोक्याशी. दिवसभर. कोणाला खाबरं, म्हणजे खादाड, कोणाला आळशी म्हणते. जेवताना मला सांगितलं, उद्या कणी जास्त आण.

बेबीमावशीचा फोन आला, कधी येतेस. आय म्हणाली, कामात हाय.

२७ फेब्रु.
दुसरी नोटीस. पक्षी रविवारी संध्याकाळी सहापर्यंत इमारतीबाहेर हलवावेत, अन्यथा कारवाई. वॉचमन एकटाच आला. सह्या दोन. तिसरी जागा रिकामी. वि. वर्तमानपत्र वाचत होता. पान बराच वेळ उलटलं नाही.

जेवताना म्हणाला, द्रोणागिरीच्या पलीकडे एका ओळखीच्याची जागा आहे, कुंपण आहे, पिल्लं तिथे ठेवू. दर रविवारी जाऊन बघत जाऊ. चांगल्या मनानं म्हणाला. मीही क्षणभर बरं म्हणणार होते. कोंबड्यांच्या वेळी म्हटलं होतं तसं.

आयनं भाताचा घास खाली ठेवला.

"आनि मना कुठं ठेवाल?"

मी वि.कडे पाहिलं, वि.नं माझ्याकडे. ते तिनं बघितलं.

मी म्हटलं, पिल्लं कुठे जाणार नाहीत. वि. म्हणाला, मग कारवाईचं काय. म्हटलं, करू देत. तू सही केलीस तर तूही कर.

केली नाही, म्हणाला.

माहीत आहे, म्हटलं.

२८ फेब्रु.
सोसायटीची नियमावली पूर्ण वाचली. चौपन्न पानं. गॅलरीत तुळस किती उंच असावी हे आहे. कोंबडी हा शब्द कुठेच नाही. कमिटीला तसं पत्र लिहिलं, पान क्रमांकांसह. शेवटी लिहिलं: आई माझ्याकडे राहते, पिल्लं तिची आहेत, दोन्ही राहतील. खाली माझी सही. सकाळी चौगुलेंच्या दारात दिलं. पोच मागितली. लुंगीवर होते, तरी दिली.

उत्तर नाही.

१ मार्च, रवि.
संध्याकाळी पावणेपाचला अंघोळ करून बाहेर आले तर खोकं रिकामं. आय नाही. दार उघडं. लिफ्ट तिला चालवता येत नाही. पाच मजले उतरून गेली होती.

खाली बागेत, लॉनच्या मधोमध. गवतावर चालू नये ही पाटी तिच्या डाव्या हाताला. पाय पसरून बसलेली, टोपली आडवी, पाच पिल्लं बाहेर. ऊन अंगावर. बाकांवरच्या बायका माना वळवून बघत. एक गृहस्थ कुत्र्याचा पट्टा आखडून उभे.

वर चल म्हणायला गेले होते. चपला काढल्या, शेजारी बसले. गवत टोचतं. वर पाहिलं तर गॅलरीत वि. कठड्याला टेकून. त्यानं हात वर केला की केस सारखे केले, कळलं नाही. मग गॅलरीत नव्हता.

सव्वापाचला चौगुले आले.

"आजी, हे काय? कोणाचं आहे हे?"

"माजी."

"सहापर्यंत टाइम होता. इथे सोडायला नव्हता."

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पत्राचं उत्तर द्या, मग बोलू. म्हणाले, मला फोटो काढावा लागेल, ग्रुपवर टाकावा लागेल, मीटिंगला लावावा लागेल. म्हटलं, काढा.

मोबाइल आडवा धरला. एक पिल्लू टोपलीमागे गेलं होतं. आयनं मागे हात घालून त्याला आणलं, बाकीच्यांत सोडलं, पदर डोक्यावर सारखा केला.

"आता काड," ती म्हणाली. "पाची आली पायजेत."