अठरापासून पुढच्या गाड्या

३ मार्च, सोमवार
धाकटीला गाडी हवी! तीही लहानसहान नाही – उंच, दणकट एसयूव्ही. जनावरांची डॉक्टर झाली, आता डोंगरावरच्या गोठ्यांतून बोलावणी येतात. तीस-तीस किलोमीटर चढण, वाटेत ना माणूस ना फोनला रेंज. नवी परवडत नाही, जुनी घेणार. म्हणाली, "बाबा, तुम्ही इंजिन ऐकल्याशिवाय मी हात लावणार नाही." छाती दोन इंच फुगली. सातवीत शाळा सुटली, पण चाळीस वर्षं इंजिनं ऐकून जे कळलं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

संध्याकाळी माझी निळी वही काढली, गाड्यांच्या दुखण्यांची. तिला हवं तेच मॉडेल, वर्षवार. २०१२ – पहिलंच वर्ष, कंपनीने गिऱ्हाइकांवर हात साफ करून घेतला. हेडचं गास्केट जातं. १४, १५, १६ – इंजिनाच्या पोटातली टायमिंगची चेन सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की तेल वर चढेपर्यंत दोन-तीन सेकंद बारीक आवाज, डब्यात साखळी हलवावी तसा. मग गप्प. पण एक दिवस चेन सुटली की इंजिनाचा खुळखुळा! १७ – निम्म्या वाजतात. १८ पासून एकही नाही. तिथे जाड अक्षरात लिहून ठेवलंय: 'अठरापासून कंपनी सुधारली.' गावात ही ओळ दुसऱ्या कुणाच्या वहीत नाही.

४ मार्च
ही सकाळी म्हणाली, "गजर तीनदा बोंबलला, तुम्ही आपले ढिम्म." म्हटलं, साफ मनाचा माणूस असाच झोपतो.

६ मार्च, गुरुवार
जुन्या गाड्या विकणाऱ्या गोडबोल्याकडे गेलो. (नाव मी ठेवलंय. जिभेवर खडीसाखर.) त्याने आधी पंधराची पुढे केली. म्हटलं, हिचं बॉनेटसुद्धा उघडू नकोस. मग आणली एकोणिसाची. रंग चकाचक. मी आधी बॉनेटवर हात ठेवला – गरम!
"काका, आत्ताच धुऊनपुसून घेतली."
"पुसल्याने ताप येतो का रे?"
धाकटी तोंड फिरवून हसली. थंड इंजिन दाखवायचं नसलं की हे लोक आधी फिरवून आणतात. सांगितलं, शनिवारी सकाळी येतो, तोवर चावी माझ्याकडे. दिली, पण जिवावर आलं त्याच्या.

८ मार्च, शनिवार
थंडगार इंजिन. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेनच्या झाकणावर, मूठ कानाला. धाकटीने चावी फिरवली. जाड आवाज, एकसारखा, ठोका नाही, धाप नाही. धूर नाही. तेलाची काडी स्वच्छ. पास! तिला म्हटलं, डोळे झाकून घेऊन टाक.

ती मात्र उतरली ती भुवया आवळून. "बाबा, सुरू होताना काहीतरी वाजलं."
"कुठे?"
"पुढे. डब्यात साखळी हलवल्यासारखं. लगेच थांबलं."
"तू गाई तपास, इंजिनं मला राहू दे!"
हसली. पण पोटातून नाही. आणि गोडबोल्या – जो कधी गप्प बसत नाही – एकदम स्वतःच्या बुटांकडे बघत उभा. सोमवारपर्यंत होकार कळवतो म्हणालो.

९ मार्च
डब्यात साखळी. हे शब्द माझ्या वहीतले. तिने ती वही कधी उघडलेली नाही. मग तिला सुचले कुठून?

१० मार्च, सोमवार
कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे तेच मॉडेल आहे, पंधराचं. चार वर्षांपूर्वी मीच त्याची चेन वाजताना ऐकली होती, बदल म्हणून कानीकपाळी ओरडलो होतो. भट्टी ते दुकान एवढंच पळवतो, म्हणून निभावलंय. आज सकाळी जाऊन म्हटलं, जरा सुरू कर, मी पुढे उभा राहतो.

सुरू केली. मी म्हटलं, "शाबास! चेन बदललीस एकदाची."
"थट्टा करता का काका? कुठली बदलतोय! आता वाजली ती काय? समोरच्या आजी रोज खिडकी आपटतात या आवाजाने."

बंद कर म्हणालो. तास दीड तास त्याच्या दुकानात पोत्यावर बसून राहिलो, इंजिन निवेपर्यंत. पुन्हा सुरू करायला लावली. या वेळी झाकणावर तळहात ठेवला. बोटांखाली थरथर – सैल, ओळखीची. दोन सेकंद. कानात काही नाही. काहीच नाही!

तिथूनच धाकटीला फोन लावला. "ती एकोणिसाची नको घेऊस."
"बाबा, ऐकलंत ना तुम्ही आवाज?"
"नाही ऐकला. म्हणूनच नको."
मग म्हणाली, "घरी येते."

११ मार्च
हिला सांगितलं, बारीक आवाज आता माझ्या कानात शिरत नाहीत. ही म्हणते, "मला दोन-तीन वर्षांपासून माहीत आहे."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले की! तुम्हालाच ऐकू गेलं नाही."
दोघंही हसलो. मग ही उठून माझ्या कानावर टोपी नीट करत बसली, उगाचच.
हात तर अजून पक्के आहेत. बघू.

१२ मार्च, बुधवार
निळी वही परत उघडली. अठरापासून पुढच्या गाड्यांचं प्रत्येक पान गेल्या तीन वर्षांत लिहिलेलं. 'अठरापासून कंपनी सुधारली' – खोडलं. कंपनी होती तिथेच आहे.
माझ्या शब्दावर सात जणांनी या गाड्या घेतल्यात. सातही जणांना फोन केले: मी येईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. उद्या सकाळपासून एकेकाच्या दारात, इंजिन थंड असताना. धाकटी ऐकेल. मी झाकणावर हात ठेवीन.