पिवळं झालेलं पाणी

बुधवार, दिवेलागणीला

आज नववीचं विज्ञान प्रदर्शन झालं. गावाबाहेरच्या टोली वस्तीतली सुजाता तोंडावर हात ठेवूनच बोलत होती. "हात काढ, ऐकू येत नाई," मी दोनदा म्हटलं. तिनं काढला. दातांवर तपकिरी पट्टे.

"मॅडम, आमच्या टोलीत सगळ्याइचे दात असेच हायेत. काऊन, तेच शोधून राह्यली मी."

तिनं औषधाचे थेंब विहिरीच्या पाण्यात टाकले, पाणी गुलाबी झालं. टोलीतल्या हातपंपाचं मात्र पिवळं झालं. म्हणजे दातांवर डाग पाडणारं फ्लोराइड जास्त. पुढे काय व्हायचंय, पाहुण्यांनी विचारलं. "पाणी तपासणारी." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आवरताना तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोणतं पाणी येते, मॅडम?" बोअरचं, मी म्हटलं. तिनं उरलेलं औषध माझ्या हातात ठेवलं.

मघाशी माठातल्या पाण्यात थेंब टाकले. पिवळं. ग्लासच खराब असेल, म्हणून घासून पुन्हा भरला. पिवळंच. चिऊच्या जन्मापासून आम्ही हेच पाणी पितोय. उकळून, गाळून, किती जपून पाजलं तिला!

आता ती दारातून ओरडून राह्यली, "आई, माझा नवा दात आला, पाह्य ना!"

मी अजून मान वर केलेली नाही.