जवळ आलं की शिट्टी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे मजेत आहेत. इतके मजेत की आईची पंचाईत झाली आहे. ओट्याशी उभी राहून ती बाबांविषयी जे काही पुटपुटते, ते आता त्यांना बाहेरच्या खोलीत ऐकू जातं आणि ते तिथून उत्तरही देतात. परवा ती वैतागून म्हणाली, "पूर्वीच बरं होतं!" आणि मग स्वतःच हसत सुटली. पण हे कसं झालं ते सांगायचं तर माझ्या ऑफिसपासून सुरुवात करायला हवी.

बाबांचं कानाचं मशीन आमच्याच कंपनीचं, हे तुला ठाऊक आहेच. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं एक तिकीट बनतं. मी पहिल्यांदा घरी हा शब्द वापरला तेव्हा तू विचारलं होतंस, पिक्चर कुठला लागलाय? तर अशी वर्षानुवर्षांची तिकिटं कंपनीत साठून पडली आहेत. हल्ली ग्राहकांना पहिलं उत्तर एआय एजंट, म्हणजे माणसासारखं बोलणारे प्रोग्रॅम, देतात. बोलायला गोड, पण जुनं काहीच माहीत नाही. प्रत्येक माणूस त्यांना नवा. म्हणून मी आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या प्रोग्रॅमरने मिळून एक टूल बनवलं. एजंटने नुसतं विचारायचं, अशी तक्रार आधी कुणाची होती का? की टूल जुन्या तिकिटांतून शोधून आणून देतं, नावं आणि फोन नंबर झाकून. फक्त वाचायची मुभा, खाडाखोड करायची नाही.

चाचणीसाठी आम्ही त्याच दिवशी आलेली एक तक्रार घेतली. एका निवृत्त शिक्षिकेची. नातीला कुशीत घेतलं की मशीन शिट्टी मारतं, पोर घाबरून पळते. आमच्या माणसाने बहुधा 'नीट बसवून बघा' एवढंच कळवलं असतं. एजंटने मात्र टूलला विचारलं आणि भराभर तिकिटं समोर आली. एका शिंप्याला गळ्याचं माप घेताना शिट्टी ऐकू येत होती. एका आईला बाळ खांद्यावर घेतल्यावर. कुणी ते 'फिटिंग'मध्ये टाकलेलं, कुणी 'सवय नाही' म्हणून बंद केलेलं. एजंटने खाली लिहिलं, की ही सगळी एकच तक्रार दिसते, कानाजवळ काही आलं की आवाज येतो. आणि मशीनचं मॉडेलही सगळ्यांचं एकच आहे. आम्ही दोघं टाळ्या पिटत उठलो. कान तपासणाऱ्या आमच्या मॅडम धावत आल्या, वाचून म्हणाल्या, अरे, हे तर दुरुस्त होतं! कानात जाणारं टोक सैल असतं, ते बदलायचं आणि एक सेटिंग चालू करायचं. बस्स.

सगळे चहाला गेले. मी मात्र शेवटच्या तिकिटावर अडकले. कुणा आजोबांनी लिहिलं होतं: फोन कानाला लावला की इतकी कर्कश शिट्टी येते की समोरचा काय बोलतो ते कळत नाही. मुलगा लांब असतो. दोन शब्द बोलून फोन बायकोकडे देतो. मुलाला वाटतं, मी अजून रागावलो आहे.

दादा, हे तिकीट बाबांचं नव्हतं. बाबा कुठले तक्रार करायला! पण त्यांचं मशीनही त्याच मॉडेलचं. मी पर्स उचलली आणि तडक घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी टोक बदललं, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि आपला तळवा बाबांच्या कानाशी धरला. शांत. अहो, इतके दिवस सांगितलं का नाही, असं मॅडमनी विचारल्यावर बाबा म्हणाले, "मला वाटलं, माझा कानच कामातून गेलाय. त्यात मशीनला काय बोल लावायचा? शिट्टी नको म्हणून आवाज अगदी बारीक करून ठेवायचो." मग मी त्यांना तिथेच, मॅडमसमोर, घट्ट मिठी मारली. चाचणी म्हणून, असं म्हटलं खरं. ते आधी अंग चोरून उभे राहिले, शिट्टीची वाट बघत. ती आलीच नाही. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि बराच वेळ हललेच नाहीत.

आता रिकाम्या वेळी सगळ्या नातेवाइकांना फोन लावणं चालू आहे. चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाचीही चौकशी करतात.

तू घर सोडलंस तेव्हा तुमच्यात जे बोलणं झालं, ते झालं. पण नंतर तू मला म्हणाला होतास, त्यांना माझ्याशी बोलायचंच नसेल तर मी तरी किती दिवस विचारू? आणि बाबांना फोन दे म्हणणंच सोडलंस. हे सगळं मी फोनवर सांगायला गेले असते, तर 'बघू' म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून लिहिलं. काल बाबांनी मला विचारलं, "तो इतके दिवस फोनवर काय म्हणायचा गं?" मग त्यांनीच तुझा नंबर मागितला. पत्र पोचेपर्यंत थांबा म्हणून कसंबसं थोपवलंय. पण ते फार दिवस थांबायचे नाहीत. उचल, आणि पहिल्यापासून सांग.

तुझीच,
शेंडेफळ